गोवंडीचा गोवर आणि महानगराची शिरगणती

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या पूर्व उपनगरातील गोवंडी येथे रफीनगर वस्तीत अवघ्या अठ्ठेचाळीस तासांच्या आत तीन लहान मुले दगावली. ताप, खोकला, लाल झालेले डोळे आणि अंगावर उठलेले पुरळ या लक्षणांवरून संशय गोवराचा होता. महापालिकेच्या आरोग्य खात्याने घरोघर पाहणी सुरू केली, तेव्हा तशाच तापाने फणफणलेली आणखी मुले गल्लोगल्ली आढळू लागली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला आपले पथक मुंबईस धाडावे लागले. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयापाठोपाठ उपनगरांतील पालिका रुग्णालयांतही गोवराच्या मुलांसाठी खाटा राखून ठेवण्याची वेळ आली. वर्ष सरले तेव्हा एकट्या मुंबईत निदान पक्के झालेल्या रुग्णांची संख्या पाचशेच्या वर गेली होती आणि मृत बालकांची संख्या डझनाहून अधिक होती. भिवंडी, मालेगाव येथूनही अशाच वार्ता येत होत्या.

या आजारावरील लस जगात १९६३ सालापासून आणि भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात १९८५ सालापासून उपलब्ध आहे. ती सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. गोवंडीपासून रेल्वेने तीन-चार तासांच्या अंतरावर असलेल्या पुण्यात, १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ही लस मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि तेथून ती परदेशांतील कोट्यवधी मुलांपर्यंत पोहोचते. मग ती देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या हद्दीतील मुलांपर्यंत का पोहोचली नाही? हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, अर्थकारणाचा आणि नागरी प्रशासनाचा आहे.

साधा वाटणारा आजार

मराठी घरांत गोवराचा उच्चार सहसा कांजिण्यांच्या जोडीने होतो, आणि या जोडशब्दातच त्याच्याविषयीची बेफिकिरी दडलेली आहे. देवीच्या रोगाची धास्ती होती, पटकीची होती, प्लेगची तर होतीच. पण गोवर म्हणजे लहानपणी एकदा येऊन जाणारा पाहुणा, असेच पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवावा, घरात फोडणी देऊ नये, औषधाने गोवर दाबू नये, तो अंगावर पुरता फुलून येऊ द्यावा, असे उपचार ठरलेले असत. लसीपूर्वीच्या काळात जवळजवळ प्रत्येक मुलाला हा आजार होत असे, आणि जे सर्वांनाच होते त्याची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटत नाही. जी मुले गोवरानंतरच्या न्यूमोनियाने किंवा हगवणीने गेली, त्यांच्या मृत्यूचे कारण न्यूमोनिया किंवा हगवण असेच सांगितले गेले. गोवर नामानिराळा राहिला.

वस्तुतः या विषाणूइतका संसर्गजन्य विषाणू माणसाला क्वचितच ठाऊक असेल. रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या लोकसमूहात गोवराचा एक रुग्ण सरासरी बारा ते अठरा जणांना रोग देतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तेथील हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो. शिवाय पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल रोग पसरवू लागते; म्हणजे आईला हा साधा पडसे-ताप नव्हे हे उमगेपर्यंत शेजारच्या पाच घरांत बीज पडलेले असते. एकदा हा आजार होऊन गेला की त्याच्यापुरते संरक्षण मात्र जन्मभर पुरते. १८४६ साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा सुमारे आठ हजार वस्तीपैकी सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. परंतु पासष्ट वर्षांपूर्वी, म्हणजे १७८१ च्या साथीत, ज्यांना गोवर येऊन गेला होता ते वृद्ध सुखरूप राहिले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टराने तेव्हा करून ठेवलेली ही नोंद साथरोगशास्त्रात आजही मानाने सांगितली जाते.

गोवराचा दुसरा दुर्गुण अलीकडे अधिक स्पष्ट झाला आहे. हा विषाणू शरीराच्या प्रतिकारशक्तीची स्मृतीच पुसून टाकतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, अन्य रोगांविरुद्ध मुलाच्या रक्तात पूर्वी साठलेली प्रतिपिंडे गोवरानंतर मोठ्या प्रमाणात नाहीशी होतात. गोवर बरा झाला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या घरात पुढचे अनेक महिने मूल वारंवार आजारी का पडते, याचा उलगडा यातून होतो. कुपोषित मुलाच्या बाबतीत तर हा दुहेरी मार ठरतो. अ जीवनसत्त्वाचा साठा आधीच अपुरा असलेल्या मुलाला गोवराने अंधत्व येऊ शकते. म्हणूनच गोवराच्या प्रत्येक रुग्णास लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाची मात्रा द्यावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

गोवंडीच्या संदर्भात आणखी एक निष्कर्ष ध्यानात घेण्याजोगा आहे. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या देशात १९७९ च्या साथीचा अभ्यास करताना पीटर आबी या संशोधकाला असे आढळले की, बाहेरून रोग घेऊन आलेल्या मुलापेक्षा, त्याच्यापासून घरातच लागण झालेल्या भावंडांचा आजार अधिक तीव्र होतो आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाणही अधिक असते. एकाच कोंदट खोलीत रात्रंदिवस रुग्णाच्या निकट राहिल्याने विषाणूची मोठी मात्रा अंगात शिरते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. दहा फूट बाय पंधरा फुटांच्या खोलीत सात-आठ माणसे राहतात तेथे गोवर अधिक घातक ठरतो, तो या कारणाने. रोग तोच असला तरी घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे त्याचा स्वभाव बदलतो.

सरासरीचा भुलभुलैया

एका रुग्णापासून पंधरा जणांना रोग होत असेल, तर साथ थोपविण्यासाठी त्या पंधरांपैकी किमान चौदा जणांना आधीच संरक्षण असले पाहिजे. म्हणजेच समाजाचे प्रतिकारक्षम प्रमाण त्र्याण्णव टक्क्यांहून वर हवे. पंचाण्णव टक्के बालकांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळाव्यात, हे उद्दिष्ट या हिशेबातून आलेले आहे. दोन मात्रांचा आग्रह कशासाठी, हेही समजून घेणे अगत्याचे आहे. नवव्या महिन्यात दिलेली पहिली मात्रा शंभरपैकी सुमारे पंच्याऐंशी मुलांनाच संरक्षण देते, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे काही मुलांच्या शरीरात त्या वेळी शिल्लक असतात आणि ती लसीचा प्रभाव बोथट करतात. एखाद्या वस्तीत दरवर्षी एक हजार मुले जन्मत असतील आणि त्यांतील नव्वद टक्क्यांना ही मात्रा मिळत असेल, तर वरकरणी काम चोख दिसते. प्रत्यक्षात नऊशे मुलांपैकी सातशे पासष्ट सुरक्षित होतात, आणि दरवर्षी दोनशे पस्तीस मुले असुरक्षित राहून जातात. चार वर्षांत त्यांची संख्या नऊशे चाळीस होते. एका वर्षात जन्मणाऱ्या जवळजवळ सर्व मुलांइतका हा साठा झाला. तेवढा झाला की एक ठिणगी पुरते. गोवराच्या साथी काही वर्षांच्या अंतराने का उसळतात, याचे उत्तर या साध्या बेरजेत आहे. सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात दिली जाणारी दुसरी मात्रा हा साठा रिकामा करण्यासाठी असते. भारतात ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली.

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला आणखी एक धोका येथे आहे. एखाद्या शहरात सारख्या आकाराच्या दहा वस्त्या आहेत, नऊ वस्त्यांत सत्त्याण्णव टक्के आणि दहाव्या वस्तीत सत्तर टक्के मुलांना लस मिळाली आहे, असे समजा. सबंध शहराची सरासरी चौऱ्याण्णव टक्क्यांच्या वर जाईल आणि वार्षिक अहवालात ती समाधानकारक म्हणून छापली जाईल. गोवर मात्र वार्षिक अहवाल वाचत नाही. तो थेट दहाव्या वस्तीत जातो. सरासरी ही प्रशासनाची सोय आहे. रोगाचा व्यवहार वस्तीशी, गल्लीशी आणि खोलीशी असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील बारा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी ७६.४ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाल्याचे आढळले. आधीच्या फेरीच्या तुलनेत ही प्रगती मोठीच होती. परंतु उरलेली चोवीस टक्के मुले देशभर सारखी विखुरलेली नसतात. ती ठरावीक मोहल्ल्यांत, पाड्यांत आणि पदपथांवर एकवटलेली असतात. दहावी वस्ती कोणती, हेच शोधायचे असते.

एम-पूर्व विभागाचा भूगोल

मुंबईत ती कोठे शोधावी, हे कोणाला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. गोवंडी, मानखुर्द, देवनार, तुर्भे हा परिसर महापालिकेच्या एम-पूर्व विभागात येतो. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरातील सर्व विभागांत हा विभाग अगदी तळाशी होता. याच विभागात देवनारची कचराभूमी आहे. शहराचा कचरा तेथे १९२७ पासून येऊन पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिला लागलेल्या आगीचा धूर अनेक दिवस सबंध शहरावर रेंगाळला, तेव्हा कोठे इतर मुंबईकरांना तिचे अस्तित्व जाणवले. १९७१ मध्ये येथे पशुवधगृह आले. १९७० च्या दशकात शहराच्या अन्य भागांतून हटविलेल्या झोपडीवासीयांना शिवाजीनगर, बैंगणवाडी येथे लहान लहान भूखंड देऊन वसविण्यात आले; १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून तेथील कुटुंबांना चित्ता कॅम्पमध्ये हलविण्यात आले. नको असलेले जे जे, ते ते शहराने पूर्वेच्या या खाडीकाठी आणून ठेवले, आणि त्यात माणसेही होती.

विरोधाभास असा की ज्ञानाची मोठी केंद्रेही याच विभागात आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्र येथे आहे. टाटा समाजविज्ञान संस्था देवनारलाच आहे, आणि तिने २०११ पासून एम-पूर्व विभागाच्या परिवर्तनाचा प्रकल्पच हाती घेतला होता. येथील कुपोषण, पाणीटंचाई, क्षयरोग आणि शाळागळती यांवर अभ्यासांची कमतरता नाही. माहिती होती, तिचे रूपांतर अंदाजपत्रकात आणि नेमणुकांत होत नव्हते.

२०११ च्या जनगणनेनुसार या विभागाची लोकसंख्या सुमारे आठ लाख होती. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचे प्रमाण धरले, म्हणजे साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, तर केवळ त्या जुन्या आकड्यासाठीही सोळा सुसज्ज केंद्रे लागतात. पण २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना झाली नाही. उद्रेकाच्या वेळी प्रशासनाजवळचा अधिकृत आकडा अकरा वर्षांचा शिळा होता. अकरा वर्षांत ज्या वस्तीत माळ्यावर माळे चढले, भाडेकरू बदलले, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून नवी कुटुंबे आली, तिथे किती बालकांना लस द्यावयाची आहे याचे लक्ष्य या शिळ्या आकड्यावरून काढले, तर शंभर टक्के लक्ष्य गाठूनही शेकडो मुले बाहेर राहू शकतात. कारण ती मुले कोणत्याच यादीत नसतात. जी मुले शासनाने मोजली नव्हती, ती गोवराने एकेक करून मोजली.

यात करोनाची भर पडली. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर बाह्य लसीकरण सत्रे विस्कळीत झाली, आरोग्यसेविका करोनाच्या पाहणीला जुंपल्या गेल्या, हजारो कुटुंबे गावी निघून गेली आणि परतली तेव्हा बाळाचे लसीकरणाचे कार्ड कोठे तरी हरवलेले होते. हे केवळ मुंबईत घडले नाही. २०२१ या एका वर्षात जगभरातील सुमारे चार कोटी मुलांची गोवराच्या लसीची एखादी मात्रा चुकली, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. जगावर जे अरिष्ट आले ते सर्वत्र सारखेच होते. त्याचा भार मात्र ज्या त्या शहरातील सर्वांत दुबळ्या भागाने उचलला.

फुकट लसीची किंमत

लस विनामूल्य असताना ती न घेणे हे अज्ञान होय, असा शेरा अशा वेळी सहज मारला जातो. अर्थशास्त्र या शेऱ्याला हरकत घेते. वस्तूवर किंमत लिहिलेली नसली म्हणजे ती मिळविण्यास काहीच खर्च लागत नाही, असे नव्हे. कचरा वेचणारी, जरीकाम करणारी किंवा धुणीभांडी करणारी आई जेव्हा लसीकरणासाठी सकाळचे चार तास रांगेत घालविते, तेव्हा तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. घरी दुसरे तान्हे मूल असेल तर त्याला सांभाळणारे कोणी लागते. लस दिल्यावर बाळाला एक-दोन दिवस ताप आला तर दुसरा दिवसही बुडतो. पगारी रजा असलेल्या कुटुंबाला हा खर्च जाणवतही नाही; रोजंदारीवरच्या कुटुंबाला तो त्या दिवशीच्या शिध्याइतका जाणवतो. लाभ मात्र अदृश्य असतो, कारण जो आजार झालाच नाही त्याचे समाधान कोणाला दिसत नाही.

लसीकरण केंद्राच्या बाजूनेही असाच एक दडलेला हिशेब आहे. गोवर-रुबेलाची लस कुपीत भुकटीच्या रूपात येते, आणि एका कुपीत पाच किंवा दहा मात्रा असतात. द्रावक घालून कुपी उघडली की ती चार तासांत वापरावी लागते. उरलेली लस टाकून द्यावी लागते. एकाच मुलासाठीही कुपी उघडावी, असा शासकीय आदेश आहे. परंतु वाया गेलेल्या मात्रांचा जाब विचारला जातो आणि परत गेलेल्या मुलांचा विचारला जात नाही, अशी व्यवस्था असली की परिचारिकेच्या हातून सहज एकच वाक्य निघते: पुढच्या ठरलेल्या दिवशी या. ती आई पुढच्या वेळी येतेच असे नाही. चार मात्रा वाचल्या म्हणून नोंदवहीत बचत दिसते. तिची खरी किंमत काही महिन्यांनी कस्तुरबाच्या खाटेवर मोजली जाते. अहवालात कोणता आकडा मागितला जातो यावर कर्मचाऱ्याचे वर्तन ठरते, हे व्यवस्थापनाचे जुने सत्य येथे मुलाच्या जिवाशी येऊन भिडते.

याशिवाय, एका मुलाला लस दिल्याने त्याच्या शेजारच्या, अद्याप नऊ महिने पूर्ण न झालेल्या, म्हणजे लस घेण्यास अपात्र असलेल्या तान्ह्या बाळाचेही रक्षण होते. ज्या वस्तूचा लाभ ती घेणाऱ्यापलीकडे समाजालाही होतो, तिचा खर्च केवळ घेणाऱ्यावर सोडला तर समाजाला आवश्यक तितकी ती घेतली जात नाही. म्हणूनच लस फुकट देऊन शासनाचे कर्तव्य संपत नाही. ती घेण्यासाठी लागणारा वेळ, हेलपाटा आणि बुडणारी मजुरी यांचाही भार समाजाने उचलला पाहिजे. केंद्रे सायंकाळी व रविवारी उघडी ठेवणे किंवा लस दारापर्यंत नेणे हा दयेचा भाग नाही. आपल्याच लाभाची ती रास्त किंमत आहे.

अविश्वासाचे मूळ

गोवंडीत सारेच काही गैरसोयीमुळे घडले, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लसीने मुले आजारी पडतात, वंध्यत्व येते, अशा अफवा होत्या. दार न उघडणारी घरे होती. मोहल्ल्यातील लेटरहेडवाल्या भोंदू वैद्यांचा सल्ला पालिकेच्या डॉक्टरपेक्षा अधिक मानणारी कुटुंबे होती. मृत बालकांपैकी बहुतेकांचे लसीकरण झालेले नव्हते, हेही पुढे आले. परंतु या नकाराचे खापर एका धर्मावर वा समाजावर फोडण्याची जी घाई त्या दिवसांत काही ठिकाणी दिसली, ती वस्तुस्थितीला धरून नव्हती. याच मोहल्ल्यांतील मुलांनी वर्षानुवर्षे पोलिओचे थेंब घेतले होते. जानेवारी २०११ नंतर भारतात जंगली पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही, यात या वस्त्यांचाही वाटा आहे.

अविश्वासाला इतिहास असतो. ज्या पालिकेचे माणूस वर्षातून एकदा झोपडी पाडण्याची नोटीस घेऊन येते, त्याच पालिकेचे दुसरे माणूस शीतपेटी घेऊन आले तर दारामागच्या बाईला दोघांचा गणवेश वेगळा वाटत नाही. पाण्याची नळजोडणी मागितली की घर अनधिकृत ठरते आणि साथ आली की तेच घर पाहणीत महत्त्वाचे ठरते. हा विसंवाद तिला कळतो. महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारे पुण्यात प्लेगच्या काळात घरांत शिरून झडत्या घेण्यात आल्या, लोकांना बळाने हलविण्यात आले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये रँडच्या हत्येपर्यंत प्रकरण गेले. रोगनियंत्रणाचा हेतू योग्य असूनही रीत अपमानास्पद असली की लोक रोगापेक्षा सरकारला अधिक भितात, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

उलट बाजूचे उदाहरण संपन्न देशातील आहे. अमेरिकेने २००० साली गोवराचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले होते. तरीही २०२५ च्या आरंभी टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात साथ उसळली, सातशेहून अधिक रुग्ण झाले आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुले मृत्युमुखी पडली. तेथे अभाव लसीचा वा केंद्रांचा नव्हता. श्रद्धा आणि शंका यांच्यामुळे एका समाजात लसीकरण घसरले होते. शिक्षण आणि समृद्धी आली की नकार आपोआप मावळतो, हा समज यामुळे खोटा ठरतो. गोवंडीत मात्र नकार आणि गैरसोय यांची सरमिसळ होती, आणि गैरसोय दूर झाल्यावर नकाराचा मोठा भाग वितळला. नोव्हेंबरच्या अखेरीस केंद्राने उद्रेकाच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना एक जादा मात्रा देण्याची आणि जेथे अधिक लहान बालकांत प्रादुर्भाव होता तेथे सहाव्या महिन्यापासून लस देण्याची सूचना केली. पालिकेने जादा सत्रे लावली, मशिदींतील इमामांचे आणि वस्तीतील खासगी डॉक्टरांचे साहाय्य मागितले. मुले आली. हेच उपाय ऑक्टोबरपूर्वी का झाले नाहीत, एवढाच प्रश्न उरतो.

साथीनंतरचे काम

उद्रेकाच्या काळात दाखविलेली तत्परता नंतरही टिकविणे हे खरे आव्हान असते, कारण साथ ओसरली की वृत्तपत्रांतील मथळे ओसरतात आणि पाठोपाठ अधिकाऱ्यांचे दौरेही. गोवर-रुबेलाच्या उच्चाटनाचे राष्ट्रीय उद्दिष्ट आधी २०२० चे होते, मग २०२३ चे झाले आणि त्यानंतर २०२६ चे. तारखा पुढे ढकलून रोग मागे हटत नाही.

पहिले काम याद्यांचे. पोलिओच्या मोहिमेने वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा, भटक्यांचे तळ यांच्या वेगळ्या याद्या करून स्थलांतरितांना गाठले होते. तशीच, दर सहा महिन्यांनी नव्याने केलेली, घरागणिक बालकांची नोंद महानगरातील प्रत्येक दाट वस्तीत हवी, आणि लसीचे लक्ष्य जनगणनेच्या जुन्या आकड्यावरून न काढता या नोंदीवरून काढले पाहिजे. शिक्षकांचा वाटाही यात मोठा आहे. बालवाडी किंवा पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड पाहावे. ते नसल्यास प्रवेश नाकारू नये, तर मुलाला केंद्रापर्यंत पोहोचवावे. एका वर्गशिक्षकाच्या हाती चाळीस-पन्नास घरांची चावी असते.

दुसरे काम माणसांचे. ही नोंद जिच्या पायपिटीवर उभी राहते ती आरोग्यसेविका मुंबईत मानधनावर काम करते. वस्तीतील कोणत्या घरात बाळ जन्मले, कोणते कुटुंब काल गावाहून आले, कोणाच्या सासूचा लसीला विरोध आहे, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते. तिच्या कामाला स्वयंसेवा म्हणावयाचे आणि तिच्याकडून पूर्ण वेळाच्या नोकराची अपेक्षा ठेवायची, ही काटकसर महानगराला शेवटी महागात पडते. तिला नियमित वेतन आणि सेवेची शाश्वती देण्यास निधी नाही, हे कारण ज्या महापालिकेच्या मुदतठेवी हजारो कोटी रुपयांच्या आहेत तिने सांगणे पटण्याजोगे नाही.

तिसरे काम उत्तरदायित्वाचे. मुंबई महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, आणि गोवराचा उद्रेक झाला तेव्हा कारभार प्रशासकाच्या हाती होता. सभागृहात उभे राहून रफीनगरात किती मुलांना लस मिळाली, असे विचारणारा नगरसेवकच त्या वेळी नव्हता. नगरसेवक असते तर साथ आली नसती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु विभागवार लसीकरणाचे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर होण्याची आणि त्यांवर सभागृहात चर्चा होण्याची प्रथा पडली, तर सरासरीच्या आड लपलेली दहावी वस्ती साथ येण्याआधीच उजेडात येईल. त्याच अहवालात वाया गेलेल्या मात्रांच्या शेजारी परत पाठविलेल्या मुलांचा रकानाही असावा.

गोवराच्या विषाणूला माणसाखेरीज अन्य आसरा नाही. प्राण्यांत वा पाण्यात तो दडून राहत नाही. देवीप्रमाणेच त्याचेही समूळ उच्चाटन तत्त्वतः शक्य आहे, आणि त्यासाठी लागणारी लस साठ वर्षांहून अधिक काळ माणसाच्या हाती आहे. जे शिल्लक आहे ते बहुतांशी खतावणीचे काम आहे: मूल कोणत्या घरात आहे, त्याला कितवी मात्रा मिळाली, पुढची कधी द्यावयाची, हे लिहून ठेवणे आणि त्याप्रमाणे दार ठोठावणे. त्यात पराक्रमाला वाव नाही. म्हणूनच ते पुन्हापुन्हा मागे पडते. गोवंडीतील मुलांची गणना रोगाने करण्यापूर्वी ती शहराने करावी, यापेक्षा अधिक काही त्यांच्या आईबापांनी मागितलेले नाही.